पालघरचा धडा : वाणीचे स्वातंत्र्य आणि श्रद्धेचा आदर



स्मरणिकेच्या पानांतून आपण आजवर पूर्वजांची स्थलांतरे, कुलदैवते व समाजधुरीणांची चरित्रे वाचीत आलो. यंदा थोड्या निराळ्या विषयावर चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. मनुष्याच्या वाणीस स्वातंत्र्य किती असावे, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेस धक्का लागेल तेथे त्याची मर्यादा कोणती, हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हे. आपल्या पालघर गावी तो एकदा सबंध देशापुढे उभा राहिला आहे.

प्रथम थोडे मागे पाहू. आपल्या या किनाऱ्यावर 1534 पासून 1739 पर्यंत वसईस पोर्तुगीजांचा अंमल होता. तारापूरचा किल्लाही त्यांच्याच ताब्यात होता. गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय स्थापन झाले, ते 1812 पर्यंत टिकले. राजसत्ता एका धर्माची कैवारी झाली म्हणजे इतरांच्या देवाधर्मावर व बोलण्यावर कसा पहारा बसतो, हे त्या काळाने दाखविले. 1739 च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूर घेतले व मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकिली. त्या वेळच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. विजयी पक्षाने दाखविलेला हा संयम आपल्या मुलांना आवर्जून सांगण्याजोगा आहे.

इंग्रजी अमदानीत प्रश्नाला निराळे वळण लागले. लाहोर येथे एका प्रकाशकाने इस्लामच्या प्रेषितांविषयी एक उपहासात्मक पुस्तिका छापिली. 1927 साली तेथील उच्च न्यायालयाने त्यास दोषमुक्त केले, कारण दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीका तत्कालीन कलमात बसत नव्हती. मोठा क्षोभ उसळला. त्याच वर्षी सरकारने दंडसंहितेत 295-अ हे कलम घातले. पुढे 1929 साली त्या प्रकाशकाचा खून झाला. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कलम करतानाच विधिमंडळाच्या समितीने त्यात बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेल्या अवमानाचीच अट घातली. सुधारणेच्या कळकळीने धर्मातील दोष दाखविणारा मनुष्य त्यात सापडू नये, हा त्यामागील विचार होता.

महाराष्ट्राला हा विचार विशेष पटावा. जोतीराव फुले यांनी धर्माच्या नावावर चालणाऱ्या विषमतेवर कठोर शब्दांनी प्रहार केला. आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ पत्र काढिले, तेव्हा संतप्त लोकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढिली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. त्या त्या काळच्या लोकांची भावना दुखावली म्हणून ही सर्व वाणी बंद पाडिली असती, तर आज आपल्या मुली शाळेत दिसल्या असत्या काय?

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. 17 नोव्हेंबर 2012 रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी रविवारी अंत्ययात्रेच्या वेळी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले की, हा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे, आणि ज्या हुतात्म्यांमुळे आपण स्वतंत्र झालो त्यांच्यासाठी आपण दोन मिनिटे तरी उभे राहतो काय? तिच्या मैत्रिणीने त्या मजकुरास केवळ पसंती दर्शविली. जमावाने त्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. दोघींना अटक झाली आणि 15,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यांची सुटका झाली. विशेष हे की, मजकुरात धर्माचा उल्लेख नसता आरंभी 295-अ हेच कलम लाविले गेले होते. मागाहून ते बदलून 505(2) व माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ ही कलमे लावण्यात आली.

ज्या गावी 14 ऑगस्ट 1942 रोजी गोळीबारात पाच वीर पडले, ज्याच्या चौकास हुतात्म्यांचे नाव आहे, त्याच गावी हुतात्म्यांचे स्मरण करून देणारी मुलगी गुन्हेगार ठरावी, हे पाहून मन विषण्ण झाले. मी त्या वेळी तारापूरच्या बाजूस एका शाळेत शिकवीत होतो. वर्गातील मुलांनी मला विचारिले, “गुरुजी, त्या ताई चुकल्या काय?” मी विषय बदलून फळ्याकडे वळलो. त्या मौनाची टोचणी अद्याप गेलेली नाही.

पुढे दोघा पोलीस अधिकाऱ्यांचे निलंबन झाले व खटला मागे पडला. दिल्लीच्या एका विद्यार्थिनीने, श्रेया सिंघल हिने, याच प्रसंगाने व्यथित होऊन सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने 66-अ कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा करणे, मत पटविणे आणि चिथावणी देणे या तीन गोष्टी भिन्न असून केवळ चिथावणीच्या पायरीवर कायद्याने हात घालावा, असा विवेक त्या निकालात आहे. मात्र 295-अ कलम 1957 सालीच न्यायालयाने वैध ठरविलेले असून, 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोच आशय 299 व्या कलमात कायम आहे. म्हणजे वाणी मोकळी आहे, पण जाणूनबुजून दुष्ट बुद्धीने कोणाच्या देवाची विटंबना करण्यास ती मोकळी नाही.

आता थोडे आपल्या घरातही डोकावू. आपल्याच एका गावी एका तरुणाने जत्रेच्या खर्चाचा हिशेब मागितला, तेव्हा “देवाचा अपमान झाला” अशी ओरड झाली आणि त्याच्या घरी कोणी जाऊ नये असे काही वडीलधारे बोलू लागले. हिशेब मागणे म्हणजे देवनिंदा नव्हे. 2017 च्या जुलैपासून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या भयाने नव्हे, न्यायबुद्धीने आपण ही रीत सोडावी. तद्वत् तरुणांनीही जाणावे की, आजीच्या देवघरावर शंका घेणे हा त्यांचा अधिकार आहे, पण तिची चेष्टा करणे हा पुरुषार्थ नव्हे. चूक दाखवावी, माणूस दुखवू नये.

यास्तव माझी एकच विनंती आहे. मन दुखावले तर शब्दाला शब्दाने उत्तर द्यावे. हाताने देऊ नये, बहिष्काराने तर नाहीच नाही. मुलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी आज या पानावर देत आहे : नाही बाळांनो, त्या ताई चुकल्या नव्हत्या. चुकलो होतो आम्ही, गप्प बसलेले मोठे.