जंगल सर्वांचे, वाफ कुणाची?

श्रोतेहो, वज्रेश्वरीची किंवा उन्हवऱ्याची ऊन पाण्याची कुंडे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. पृथ्वीच्या पोटात ऊब आहे, हे सांगायला तिथे पंडित लागत नाही. या उबेवर वीज करता येते, हे प्रथम दिसले इटलीतील लार्देरेल्लो गावी. १९०४ साली तिथे जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लागले.

पण मंडळी, ही वाफ सरकारी जंगलाखाली असली तर? जंगल तर सर्वांचे. मग भोक पाडायचे की नाही, हे ठरवायचे कुणी? अमेरिकेतील ऑरेगन राज्यात हाच प्रश्न उभा राहिला.

तिथे डेशूट्स राष्ट्रीय वनात न्यूबेरी नावाचा ज्वालामुखी आहे. माथ्यावर प्रचंड खोलगट भाग आणि त्यात दोन तळी. तिथल्या काळ्या, काचेसारख्या दगडाची पाती मूळ रहिवासी हजारो वर्षे घडवीत आले. १९७० साली अमेरिकेत कायदा झाला आणि सरकारी जमिनीतील वाफेसाठी पट्टे देण्याची वाट मोकळी झाली. १९८१ साली सरकारी भूवैज्ञानिकांनी न्यूबेरीच्या माथ्यावरील विंधणविहीर ९३२ मीटरपर्यंत नेली. तळाशी उष्णता भरली २६५ अंश सेल्सिअस! पाणी उकळते शंभर अंशांवर, हे ध्यानात घ्या.

झाले! कंपन्यांना वीज दिसू लागली, निसर्गप्रेमींना तळ्यांची काळजी लागली. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. अखेर निरनिराळ्या पक्षांची माणसे एकत्र बसली, नकाशा पुढे घेतला आणि तोड काढली. १९९० साली कायदा होऊन माथा व तळी राष्ट्रीय स्मारक म्हणून राखली गेली. तिथे विंधायचे नाही. बाहेरच्या उतारांवर मात्र शोध घेण्यास मुभा राहिली.

तुम्ही म्हणाल, मग वीज लगेच मिळाली असेल! तसे झाले नाही. २००८ साली पश्चिम उतारावर सुमारे तीन किलोमीटर खोल विहीर गेली. उष्णता तीनशे अंशांच्या वर लागली. पण ती वर आणणारे पाणी नव्हते, खडकाला पुरेशा भेगाही नव्हत्या. विस्तव आहे, भांडेही आहे, पण आत पाणीच नाही, अशातली गत! २०१२ आणि २०१४ साली दाबाने थंड पाणी सोडून भेगा उघडण्याचे प्रयोग झाले.

शिक्षकबंधूंनो, मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. उष्णता कुठे आहे, हे शास्त्र सांगते. कुठे हात लावायचा नाही, हे मात्र माणसांनी बसून ठरवावे लागते. न्यूबेरीच्या लोकांनी खोल विहिरी खणण्याआधी बांध घातला. म्हणून प्रयोगांना वेळ लागला तरी तळी शाबूत राहिली. सामाईक जमिनीचा कारभार करताना आधी बांध आणि मग कुदळ, हाच क्रम बरा.