नवजात बाळाची उसनी ढाल

मातेच्या उदरात नऊ महिने सुरक्षित वाढलेले बाळ जन्मताच असंख्य जिवाणू-विषाणूंच्या जगात येते. त्याच्याजवळ रोगप्रतिकारक पेशी असतात. मात्र त्यांनी शत्रू कधी पाहिलेला नसतो. शिवाय त्या काहीशा मुद्दामच सौम्य ठेवलेल्या असतात. गर्भाशयात त्यांनी आईच्याच पेशींविरुद्ध बंड पुकारले असते, तर गर्भ टिकला नसता. जन्मानंतरही आतड्यात वस्तीला येणाऱ्या उपयुक्त जिवाणूंना थारा मिळावा लागतो. या संयमाची किंमत म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतील जंतुसंसर्गाचा धोका.

ही उणीव आई भरून काढते. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत तिच्या रक्तातील 'जी' प्रकारची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. ही केवळ झिरपण्याची क्रिया नाही. वारेतील विशिष्ट ग्राहक त्यांना निवडून पलीकडे पोहोचवतात. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात त्यांचे प्रमाण आईइतके, कधी तिच्याहूनही अधिक असते. आईला पूर्वी झालेले आजार आणि तिने घेतलेल्या लशी यांचा हा वारसा होय. गर्भवतीला धनुर्वाताची लस देतात ती यासाठीच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र हा साठा पुरेसा मिळत नाही. दर तीन आठवड्यांनी तो साधारण निम्मा होतो आणि काही महिन्यांत संपत येतो. तोवर बाळाची स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागतात.

दुसरी रसद दुधातून येते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, प्रमाणाने थोडा असला तरी त्यात 'ए' प्रकारची प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिन आणि जिवंत पांढऱ्या पेशी विपुल असतात. ही प्रतिपिंडे मुख्यतः आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात आणि जंतूंना तेथे चिकटू देत नाहीत. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो आणि आईचा चीक 'जड' म्हणून पिळून टाकतो, ही विसंगती अनेक घरांत दिसते. त्याऐवजी चाटवलेला मध किंवा गूळपाणी या अस्तरापर्यंत जंतूच नेऊ शकते.

अंगावरच्या पांढऱ्या चिकट थरातही जंतुनाशक प्रथिने असतात. म्हणूनच पहिली आंघोळ शक्यतो २४ तास लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एवढे असूनही संसर्ग झालाच, तर बाळाचा साठा तोकडा पडतो. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची राखीव फळी लवकर संपते. जंतूंवर खूण करणारी रक्तातील पूरक प्रथिनेही प्रौढांच्या तुलनेत कमी असतात. त्यामुळे संसर्ग रक्तात झपाट्याने पसरतो आणि तोही गाजावाजा न करता. मोठ्या माणसाला ताप चढतो. नवजात बाळ उलट थंड पडू शकते. दूध ओढणे मंदावणे, अंग सैल पडणे, क्षीण रडणे, छाती आत ओढली जाणे, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास ही धोक्याची चिन्हे आहेत. 'बाळ शांत झोपलंय' असे समजून घरचे निर्धास्त राहतात आणि मोलाचे तास निघून जातात.

ही चिन्हे खेड्यातही ओळखता येतात, हे गडचिरोलीत सिद्ध झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून गावातील स्त्रियांना नवजात बाळांची तपासणी, ऊब देणे आणि गरज पडल्यास जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. या अनुभवाच्या आधारे २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालक सेवेची जबाबदारी 'आशा' कार्यकर्त्यांकडे दिली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी भेट देणे अपेक्षित आहे.