चतुःसीमेतील नाव : पाथरी, शिर्डी आणि शेजारच्या जमिनीचे मोल

मराठी खरेदीखतात विकावयाच्या जमिनीचे वर्णन तिच्या शेजाऱ्यांच्या नावांनी करण्याचा जुना प्रघात आहे. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस तमक्याचा वाडा, दक्षिणेस ओढा, उत्तरेस सरकारी रस्ता, अशी चतुःसीमा लिहून झाली की मिळकतीची ओळख पटली असे लिहिणारा व लिहून घेणारा दोघेही मानतात. क्षेत्र, आकार व गट क्रमांक ही त्यात पडलेली पुढची भर होय. भाषेच्या अभ्यासकास ह्या रचनेत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते. जमिनीच्या पोतात किंवा क्षेत्रात तिळमात्र फरक न होता चतुःसीमेतील एखादे नाव बदलले, तरी तिचे मोल पालटते. शेजारी मोठे यात्रास्थान वा मनोरंजनाचे विस्तीर्ण उद्यान उभे राहिले, म्हणजे खाजगी जमिनीच्या मालकास हा अनुभव फार झपाट्याने येतो. पाथरी येथील प्रकरणाचा ह्या दृष्टीने विचार करण्याचे येथे योजिले आहे. परंतु त्याआधी दूरच्या एका उदाहरणाकडे वळणे सोयीचे होईल.

वॉल्ट डिस्ने ह्यांचे पहिले उद्यान 1955 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे सुरू झाले, ते सुमारे 160 एकरांवर. पूर्वी तेथे संत्र्यांच्या बागा होत्या. उद्यानास लोटणाऱ्या गर्दीचा लाभ कुंपणाबाहेरच्या खाजगी जमिनींवर उठलेल्या हॉटेलांनी व दुकानांनी इतका घेतला, की डिस्ने ह्यांना त्याची कायमची हळहळ लागून राहिली. दुसऱ्या खेपेस त्यांनी शेजारच विकत घेतला. फ्लॉरिडा राज्यात ऑर्लँडोनजीक 1964-65 मध्ये त्यांच्या हस्तकांनी निरनिराळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून 27,000 एकरांहून अधिक दलदलीची व झाडोऱ्याची जमीन खरेदी केली. पुष्कळशा जमिनीस एकरी दोनशे डॉलरांच्या आतबाहेर भाव पडला. खरा ग्राहक कोण, ही वार्ता ऑक्टोबर 1965 मध्ये ऑर्लँडोच्या वृत्तपत्राने फोडली व त्याच महिन्यात राज्यपालांनी तिला दुजोरा दिला. तेव्हापासून उरलेल्या जमिनींचे भाव आवाक्याबाहेर गेले. विकणाऱ्यांनी आपली जमीन स्वखुषीने विकली होती, तिच्या दर्जाविषयी कोणी त्यांना फसविले नव्हते. चतुःसीमेत पुढे कोणाचे नाव येणार, एवढेच त्यांच्यापासून लपविण्यात आले होते.

आपल्याकडे खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ, 2013 मध्ये इमॅजिका हे थीम पार्क उघडले, तेव्हा प्रवर्तकांजवळ सुमारे 300 एकर जमीन होती. खेळांस व पाळण्यांस लागणाऱ्या जागेहून ती पुष्कळ अधिक होती. शेजारचा लाभ शेजाऱ्यास न जाता आपल्याच पदरात पडावा, हा ॲनाहाइमचा धडा येथेही गिरविलेला दिसतो. व्यवहार मात्र अपेक्षेप्रमाणे उतरला नाही. कर्ज साचले, ते फेडण्यासाठी ह्या जादा जमिनीच्या विक्रीचा विचार करावा लागला, आणि 2022 मध्ये उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. ह्याच समूहाने शिर्डी येथे साईतीर्थ नावाचे भक्तिविषयक थीम पार्क चालविले आहे. यात्रास्थान व मनोरंजन-उद्यान ह्यांत पूर्वी मानली जाणारी सीमारेषा निदान जमिनीच्या बाजारात तरी आता फारशी उरलेली नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

शिर्डीची आजची रचना मुळात शेजारच्या खाजगी वास्तूंचीच आहे. साईबाबा मशिदीत राहत असतानाच बाहेरगावच्या भक्तांनी आसपासच्या जागा घेऊन वाडे बांधले. साठे वाडा प्रथम झाला. दीक्षित वाडा 1910-11 मधला. नागपूरच्या बुटींचा दगडी वाडा सर्वांत शेवटचा. 15 ऑक्टोबर 1918 रोजी बाबांनी देह ठेवल्यावर त्यांची समाधी ह्या बुटी वाड्यातच झाली, आणि एका खाजगी गृहस्थाने बांधविलेली वास्तू क्षेत्राचा गाभा होऊन बसली. पुढील शंभर वर्षांत परिघ विस्तारत गेला. 2017 मध्ये विमानतळही आला. हे सर्व होताना शिर्डीचे शिर्डीपण कोणी शब्दाने सिद्ध करावे लागले नाही. समाधी डोळ्यांसमोर होती.

पाथरीची गोष्ट वेगळी आहे. येथे सारा आधार शब्दाचा आहे. आपण मूळचे पाथरीचे, ब्राह्मणाच्या घरचे, व लहानपणीच एका फकिराच्या हाती दिले गेलो, असे बाबांनी म्हाळसापतींना सांगितल्याची आठवण नरसिंहस्वामींनी नमूद केली आहे. विश्वास बाळकृष्ण खेर ह्यांनी विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात पाथरीस जाऊन चौकशी केली व भुसारी घराण्यापर्यंत हा धागा नेला. त्या घराण्याच्या पडीक घराची जागा स्थानिक समितीने मिळविली व तेथे उभारलेले मंदिर 1999 मध्ये खुले झाले. खेरांचे अनुमान सर्वांस मान्य आहे असे नाही, आणि बाबांच्या जन्माचा निर्णय करणे हा ह्या लेखाचा विषयही नाही. एका गल्लीतील एका घराच्या चतुःसीमेत ह्या अनुमानाने एक नवे नाव आणले, एवढ्यापुरताच त्याचा येथे संबंध आहे.

जन्माच्या नात्यावरून पाथरीच्या जमिनीवर हक्क सांगितला गेल्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण असून त्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते, असे फिरिश्ता सांगतो. मलिक हसनचा नातू बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला, तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. आपले पिढीजात गाव आपणास मिळावे, त्याच्या बदल्यात अधिक उत्पन्नाचा परगणा घ्यावा, अशी मागणी त्याच्या दरबाराने केली. इमादशहाने ती नाकारून पाथरीची तटबंदी सुरू केली. 1518 मध्ये निजामशाही फौजेने गाव घेतले. ते पुन्हा गेले, व 1527 च्या सुमारास पुन्हा घेण्यात आले. तेव्हा किल्ला पाडून बुऱ्हाणने हा मुलूख आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस इनाम दिला व अकबराच्या अंमलापर्यंत तो त्यांच्याकडे चालला, असेही फिरिश्त्याने लिहिले आहे. अधिक उत्पन्नाचा परगणा देऊन कमी उत्पन्नाचा मागणे हा व्यवहार केवळ महसुलाच्या हिशेबाने उलगडत नाही.

तो उलगडतो ‘वतन’ ह्या एका शब्दाने. अरबीत व फारसीत ह्या शब्दाचा अर्थ जन्मभूमी, मूळ ठिकाण. मराठीत तो आला व वंशपरंपरेने चालणारे काम, त्याबद्दलची जमीन आणि तिच्यावरील हक्क असा अर्थ त्यास प्राप्त झाला. हा अर्थपालट कोशकार सहज नोंदवून पुढे जातात; परंतु ‘मी येथे जन्मलो’ ह्या विधानाचे ‘हे माझे आहे’ ह्या विधानात जे रूपांतर समाजव्यवहारात घडत होते, त्याचा हा शब्दरूप पुरावाच होय. बुऱ्हाणच्या मागणीत वतन शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. फारसीत लिहिणाऱ्यास त्यात पूर्वजांचे गाव दिसले, मराठी कुळकर्ण्यास दप्तर व इनाम दिसले असते. (गावाच्या नावाचेही असेच झाले आहे. ज्योतिषी ज्ञानराज व त्याचा पुत्र सूर्यदास ह्यांचे गोदातीरावरील पार्थपूर ते हेच, असे मानतात. पार्थपुरावरून पाथरी झाले ह्यापेक्षा पाथर शब्दावरून पडलेल्या नावास पंडितांनी पार्थाचा साज चढविला, हे मला अधिक संभवनीय वाटते.)

निजामी अंमलानंतर हैदराबाद राज्यात 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1950 च्या कूळकायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले, 1954 च्या कायद्याने इनामे संपली. धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे तेवढी वगळली गेली. वतनाचा शब्द कायद्यातून गेला. खासरा पाहणी पत्रकात व पुढे सातबाऱ्यावर व्यक्तीचे नाव आले. जन्माच्या नात्याने जमीन मागण्याची सोय संपली, असे त्या वेळी कोणासही वाटले असते.

त्यानंतर जानेवारी 2020 उजाडला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा केली. शिर्डीने 19 जानेवारीस बंद पाळला. मंदिर तेवढे उघडे होते. दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक झाली आणि शिर्डीच्या प्रतिनिधींनी बाहेर येऊन सांगितले, ते असे की मुख्यमंत्र्यांनी जन्मस्थानाचा उल्लेख मागे घेतला असून पाथरीच्या विकासास आपला विरोध नाही. निधीविषयी तंटा नव्हता, एका सामासिक शब्दाविषयी होता. वृत्तपत्रांनी ह्याची थोडी थट्टा केली. मला ती अस्थानी वाटते. हॉटेले, दुकाने व बिगरशेती भूखंड ह्यांत ज्यांची पुंजी अडकली आहे, त्या शिर्डीकरांना ह्या शब्दाचा भाव शब्दशास्त्रज्ञांहून अचूक ठाऊक होता.

पाथरीत मंदिरालगत ज्यांची घरे व जागा आहेत, त्यांना तर तो रुपयांत मोजावा लागतो. 1 जानेवारी 2014 पासून अमलात असलेल्या भूसंपादन कायद्याने मोबदला ठरविताना शीघ्रगणकातील दराबरोबर परिसरातील मागील तीन वर्षांची खरेदीखते पाहिली जातात. त्यांपैकी चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी घेतात, आणि येणाऱ्या रकमेएवढीच दिलासा रक्कम वर देतात. ग्रामीण भागात बाजारमूल्यास दोनपर्यंतचा गुणक लागतो. पाथरी नगरपरिषदेचे गाव असल्यामुळे तेथे गुणक एकच. म्हणजे गल्लीतील घरमालकाचा लाभ मुख्यतः त्या तीन वर्षांच्या खतांवर अवलंबून राहतो. नावाचा बोलबाला आधी होऊन विक्री चढ्या भावाने झालेली असेल, तर त्याचे साधेल. विक्रीच झाली नसेल, आणि जुन्या वस्तीत घरे क्वचितच विकली जातात, तर त्याच्या पदरी बहुधा शीघ्रगणकाचा दर पडेल. शिवाय ते तीन वर्षे संपादनाच्या अधिसूचनेपासून मागे मोजावयाचे असतात, व एकदा प्राथमिक अधिसूचना निघाली की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून व्यवहार करता येत नाही. फ्लॉरिडातील शेतकऱ्याचे नुकसान नाव लपविल्यामुळे झाले. येथे नाव उघड पुकारले गेले आहे, मागे घेतले गेले आहे, व आराखड्यांच्या निमित्ताने पुन्हा चर्चेत येत राहिले आहे. अशा अधांतरी काळात जो विकतो तो कोणत्या नावाच्या भावाने विकतो, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

ह्या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा, तर पाथरीच्या दुय्यम निबंधकांच्या दप्तरातील खते 1975 पासून क्रमाने वाचावी लागतील. किंमतीचा रकाना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहावा. आपल्या विद्यार्थ्यांनी चतुःसीमा उतरून घ्याव्यात : भुसारींचे घर हा उल्लेख कोठपर्यंत टिकतो, साई मंदिर हा कोणत्या वर्षी प्रथम येतो, आणि विक्रेत्याने की खरेदीदाराने तो लिहविला, ह्याचा काही माग लागतो काय.