फरच्या कोटाचे पाच शिलिंग

लेखणी हातात घ्या. पिसाची आहे, टोक नुकतंच छाटलंय. बोटं गारठली असतील तर दिव्यावर जरा शेकून घ्या, कारण मजकूर लॅटिनमध्ये लिहायचाय आणि हिशेब पै-पैचा लागतो.

तुम्ही त्सायझेलमाउअरला आहात. व्हिएन्नाच्या पश्चिमेला, डॅन्यूबच्या काठचं गाव. रोमन सैन्याच्या जुन्या छावणीच्या भिंती अजून उभ्या आहेत. साल १२०३. काल संत मार्टिनचा सण झाला, म्हणजे इथल्या लोकांच्या लेखी हिवाळा लागला. तुमचे धनी वोल्फगर फॉन एर्ला, पासाऊचे बिशप. त्यांच्या पायाला भिंगरी, आणि त्यांच्यामागून चर्मपत्राच्या चिठोऱ्या सांभाळत फिरणारे तुम्ही. मुक्कामाला जे सुटेल ते टिपायचं आणि पुढे सवडीनं कच्च्यावरून पक्कं करायचं. वाटेत हात पसरणारे गरीब विद्यार्थी, यात्रेकरू, म्हाताऱ्या बायका, सोंगाडे, वाजंत्री, सगळ्यांना दिलेलं खर्ची पडतं.

या वर्षी व्हिएन्नात ड्यूक लेओपोल्डचं लग्न आहे, मुलगी थेट बायझंटाईन राजघराण्यातली, थिओडोरा. असल्या लग्नाच्या वासावर गाणारे-वाजवणारे किती लांबून येतात, ते खर्च लिहिणाऱ्या माणसाला सांगायला नको.

आज त्यांच्यातलाच एक तुमच्यासमोर उभा आहे. तिशी ओलांडलेली. नाव वाल्टर फॉन डर फोगेलवाइडे. फोगेलवाइडे म्हणजे पाखरांचं चरायचं रान. नाव असं देखणं असलं तरी आज त्याच्या मालकीचं हातभर रान नाही. व्हिएन्नाच्या दरबारातच तो गाणं शिकला. मग ड्यूक फ्रीडरिश धर्मयुद्धावर गेला आणि ११९८ मध्ये तिकडेच वारला. आश्रय सुटला आणि तेव्हापासून हा माणूस दारोदार फिरतोय. त्याच वर्षी जर्मनीत एका सिंहासनावर दोन राजे निवडले गेले, फिलिप आणि ओटो. वाल्टर फिलिपच्या बाजूनं गायला. पुढे ओटोच्या बाजूनं गाईल. ओटो हात आखडता घेतो असं दिसलं की त्याची उंची नि त्याचं औदार्य शेजारी शेजारी मोजून भर गाण्यात त्याची फजिती करील, आणि तरुण राजा फ्रीडरिश दुसरा याच्याकडे जाईल. याला कुणी संधिसाधू म्हणतं. मी म्हणत नाही. ज्याला दर हिवाळ्यात नवं छप्पर शोधावं लागतं, त्याच्या निष्ठेचा हिशेब उबदार खोलीत बसून मांडू नये.

बिशपसाहेबांचा हुकूम झालाय. लिहा: दुसऱ्या दिवशी त्सायझेलमाउअर इथे, फोगेलवाइडेच्या वाल्टर गायकाला, फरच्या कोटासाठी, पाच लांब शिलिंग. लांब शिलिंग म्हणजे तीस फेनिगचा. पाचाचे झाले दीडशे फेनिग. वाटेवरच्या सोंगाड्याच्या हातावर ठेवायची ही रक्कम नव्हे.

आणखी एक बघा. तुम्ही ‘सोंगाड्या’ लिहिलं नाहीत, ‘कान्तोर’ लिहिलंत, गायक. शब्द हातातून सहज गेला असेल, पण पुढे त्यावर पानंच्या पानं लिहिली जाणार आहेत. आणि बिशपांनी अंगावरचा जुना कोट उतरवून दिला नाही, नव्यासाठी रोख दिली. मोठ्यांनी टाकलेले कपडे गाणाऱ्यांना देण्याची इथली रीत आहे. आपण उतरलेला कपडा कधी घेतला नाही, असं वाल्टर एका गाण्यात ताठ मानेनं सांगतो. कवीच्या बढाईला हिशेबनिसाची साक्ष मिळणं दुर्मीळच.

तो काय गातो, ते ऐकून घ्या. त्याच्या आधीचे दरबारी कवी, व्हिएन्नातला राइनमार तर खासच, उच्चकुलीन स्त्रीसाठी झुरत राहिले. ती वर, हा खाली, आणि सुस्कारा हेच गाणं. वाल्टरनं विचारलं की प्रेम एकट्यानं कसं करायचं? दोघांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं तरच ते प्रेम. लिंडेनच्या झाडाखालच्या त्याच्या प्रसिद्ध गाण्यात तर मुलगीच बोलते, लाजत पण खुशीत. दुसरीकडे त्यानं राजकारण गाण्यात आणलं, तेही नाव घेऊन. चर्चमध्ये धर्मयुद्धाच्या वर्गणीच्या पेट्या बसल्या तेव्हा, जर्मन पैसा रोमच्या तिजोरीत चाललाय, असं तो थेट पोपवर रोख ठेवून गायला. त्यावर टोमाझिन फॉन त्सेर्क्लेरे या धर्मपंडितानं तक्रार केली, की या एका माणसानं हजारोंची दिशाभूल केली. गंमत अशी की टोमाझिन हा आक्विलेयाचा, आणि तोवर तिथले धर्माधिपती झाले होते तुमचेच वोल्फगर. कोट देणारा आणि कोट घेणाऱ्याला झोडपणारा, दोघं एकाच छपराखाली.

आता थोडं पुढे चला. १२२० च्या सुमारास फ्रीडरिश दुसरा त्याला लहानशी जहागीर देतो आणि पन्नाशीचा वाल्टर लहान मुलासारखा हरखतो. थंडीची भीती सरली, हे पहिलं सुख. १२३० च्या आसपास तो जातो. व्युर्त्सबुर्गच्या नॉयम्युन्स्टर चर्चच्या आवारात त्याला पुरलं. तिथं कबरीवर पाखरांसाठी दाणापाणी ठेवायची सोय त्यानं करून ठेवली होती, अशी दंतकथा लोक अजून सांगतात.

साधारण १३०० पासून झुरिकमध्ये एक भव्य हस्तलिखित तयार होऊ लागतं. १४० कवी, १३७ चित्रं. आज ते हायडेलबर्गला आहे. त्यात वाल्टर दगडावर बसलाय, पायावर पाय टाकून, हनुवटी हातावर टेकवून. जर्मन शाळकरी मुलांना तो ठाऊक असतो तो असाच. पण ते चित्र काढणाऱ्यानं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं वाल्टरच्याच एका गाण्यातलं वर्णन चितारलं.

तुम्ही पाहिलंत. तुमच्या चिठोऱ्या वोल्फगरांच्या सामानातून इटलीत गेल्या आणि चिविदालेच्या दफ्तरात धूळ खात पडल्या. एकोणिसाव्या शतकात त्या सापडल्या, तेव्हा सगळे चकित झाले. मध्ययुगातल्या सर्वांत मोठ्या जर्मन गीतकाराबद्दल, त्याच्या हयातीत, कवितेबाहेर झालेली ही एकमेव नोंद. इतर कवी त्याचं कौतुक करतात, गॉटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्ग त्याला नाइटिंगेल पाखरांचा म्होरक्या ठरवतो, पण तो कवींचा कवींबद्दलचा शब्द. तुम्ही मात्र फक्त पैसे लिहिले होते.

साल लिहायचं तेवढं तुमच्याकडून राहिलं. ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणजे कुठल्या वर्षीचा दुसरा दिवस, यावर विद्वान भांडत राहिले. शेवटी हेडविग हेगर यांनी १९७० मध्ये सगळे मुक्काम आणि तारखा जुळवून दाखवल्या: १२ नोव्हेंबर १२०३. वाल्टरच्या आयुष्यातला तारखेनिशी सांगता येणारा दिवस तेवढाच.