वेताळाच्या लग्नातला पाहुणा

हातातलं वेताळाच्या लग्नाच्या कॉमिकचं गुळगुळीत कागदाचं पुनर्मुद्रण जरा बाजूला ठेवा. त्यात सगळी पानं जागेवर आहेत. पण ही गोष्ट खरी वाचायची तर मे १९८० मधल्या नांदेडला चला.

वजिराबादेत ऊन मी म्हणतंय. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या टपरीच्या सावलीत तुम्ही शिरता. खोक्यात इंद्रजाल कॉमिक्सची चळत आहे. मुखपृष्ठं कधीच गेलेली. त्या जागी खाकी कागद, कडेला दाभणाने घातलेले तीन टाके, कोपऱ्यात शाईने टाकलेला नंबर. दुकानदार दहा पैसे घेतो आणि बजावतो, "इथंच बसून वाच. पान फाटलं तर पैसे भरून घेईन बघ."

मार्च १९६४ मध्ये टाइम्सवाल्यांनी इंद्रजालचा पहिला अंक काढला तो वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा, किंमत ६० पैसे. पुढचे कितीतरी अंक वेताळाचेच होते. जादूगार मँड्रेक नंतर आला. तेव्हापासून दोघं आलटून पालटून भेटत आलेत, पण एका पुस्तकात कधी नाही. वर्गात भांडणं त्यावरूनच: दोघांत भारी कोण?

आणि आज तुम्ही पान उलटता, तर डेंकालीच्या जंगलात मांडव. वेताळाचं डायनाशी लग्न लागतंय. त्याची दोस्त बांदर टोळी जमली आहे, दोन देशांचे राष्ट्राध्यक्ष आलेत, आणि पाहुण्यांत मँड्रेक! शेजारी त्याचा साथीदार लोथार. चित्राचा रंग रेषेबाहेर ओघळलाय, अक्षरं पुसट झालीत, तरी मँड्रेकची ती टोपी आणि मिशी ओळखायला वेळ लागत नाही. छातीत धडधडतं. म्हणजे दोघं एकाच जगात राहतात!

राहणारच. दोघांचा जन्मदाता एकच, ली फॉक. मँड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. एवढी वर्षं त्याने दोघांचे संसार वेगळे ठेवले आणि १९७७ च्या वृत्तपत्री चित्रमालिकेत त्यांना लग्नात एकत्र आणलं. साय बॅरीने रेखाटलेल्या त्या पट्ट्याच जुळवून तुमच्या हातातला अंक झालाय. दोन नायक भेटले की आधी एकमेकांना बुकलायचे, ही रीत कॉमिक्समध्ये फार माजलेली. फॉकने त्यातल्या एकाला दुसऱ्याच्या मांडवात मानाने बसवलं. मला हे कुठल्याही मारामारीपेक्षा मोठं वाटतं.

पुढचं पान मात्र नाही. टाक्यापाशी नुसती चिंधी उरली आहे.

तेव्हा ते पान शोधायला लातूरची एसटी धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर. खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसतो. लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्याच एकावर मावशीचं घर. मावसभावाकडे तोच अंक आहे आणि त्यात ते पान आहे!

"दोन बहादूर दे, मग बघ."

बहादूर म्हणजे आबिद सुरतींनी घडवलेला नायक, केशरी कुडत्यातला, डाकूचा पोरगा. आपल्या मातीतला म्हणून तो सोडवत नाही. तुम्ही फ्लॅश गॉर्डन पुढे करता. "ते अंतराळातलं नको." मावशी आतून जेवायला हाका मारते, कुणी उठत नाही. अखेर एक बहादूर आणि एक रिप कर्बी यावर सौदा पटतो, आणि लोथारसकट मँड्रेक तुमच्या पिशवीत येतो.