फ्लोरा फाउंटन ते हुतात्मा चौक



घाटकोपरहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि दादाभाई नौरोजी मार्गाने दक्षिणेकडे चालत जावे. रस्ता जिथे संपतो, तिथे एक दगडी कारंजे दिसते. तेच फ्लोरा फाउंटन. आपण त्याच्यावरून अनेकदा गेलो असू. पण त्याचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक आहे काय?

पूर्वी येथे मुंबईच्या कोटाचा चर्चगेट हा दरवाजा होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि १८६४ साली हे कारंजे उभे राहिले. त्याला फ्रियरचे नाव द्यायचा बेत होता. शेवटी नाव मिळाले ते फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचे. दगड विलायतेतील पोर्टलंडचा, मूर्तिकार जेम्स फॉर्सिथही विलायतेचा. खर्च आला सुमारे ४७,००० रुपये; त्यांपैकी २०,००० रुपये मात्र कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले.

या चौकाचे दुसरे नाव रक्ताने लिहिले गेले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या लोकांवर येथे गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि हा हुतात्मा चौक झाला. कारंज्याजवळच मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक आहे. हुतात्म्यांच्या यादीत जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, चिमणलाल शेठही आहेत.

आणि या लढ्याचा बुलंद आवाज कोणाचा होता? शाहीर अमर शेख यांचा! मूळ नाव महबूब हुसेन पटेल, जन्म १९१६, गाव बार्शी. त्यांचे सोबती अण्णा भाऊ साठे तर आपल्याच घाटकोपरच्या चिरागनगरात राहत. शाळा त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही; तरी दोघांनी मराठीला वैभव दिले.

पालकहो, घरात आपण उर्दू बोलत असू, कोकणी वा दख्खनी बोलत असू, पण "मराठी आपल्या काय कामाची?" असे मुलांपुढे कधी म्हणू नका. ज्या भाषेसाठी महबूब हुसेनने गळा सुकवला, ती परकी कशी?

डागडुजीनंतर जानेवारी २०१९ मध्ये कारंज्याचे पाणी पुन्हा सुरू झाले. एखाद्या रविवारी मुलांना तिथे न्या. पाणी दाखवा, मशाल दाखवा आणि हा चौक त्यांचाही आहे, हे आवर्जून सांगा.