वाऱ्यावर चालणारी करवत

हॉलंड म्हटले की पवनचक्की आठवते, आणि पवनचक्की म्हटली की दळण किंवा पाण्याचा उपसा. आज आम्हांला बोलायचे आहे ते लाकूड कापणाऱ्या चक्कीविषयी. आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. तेव्हा नजर तिकडेच वळावी, हे साहजिक आहे.

वखारीत दोघांनी ओढायची करवत ज्यांनी पाहिली आहे, एक जण वर ओंडक्यावर आणि दुसरा खाली भुश्यात, त्यांना या कामाचे कष्ट सांगायला नकोत. १५९३ साली उइटखेस्ट गावच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन याने वाऱ्यावर चालणाऱ्या करवतगिरणीचे एकस्व मिळविले. शिवणयंत्राची पायपट्टी वरखाली होते व चाक फिरते. येथे त्याच्या उलट. पाती आस फिरवीत, दातेरी चाके ती गती एका वाकड्या दांड्याला देत, आणि तो दांडा करवतींची चौकट वरखाली करी. वारा दिशा बदलतो, म्हणून पहिली गिरणी तराफ्यावर उभारली होती. पुढे ‘पाल्टरॉक’ जातीच्या गिरणीत सारे घरच रुळांवर फिरवीत.

ॲम्स्टरडॅमच्या करवतकऱ्यांचा संघ बलवान होता. त्याच्या विरोधामुळे शहरात या गिरण्यांना बराच काळ मज्जाव होता. त्यांना कोणी अडाणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. ज्याची चूल करवतीवर पेटते, त्याला भुकेचे गणित पक्के कळते. पण संघाचा अंमल वेशीपुरता! गिरण्या जवळच्या झान नदीच्या काठी उभ्या राहिल्या. अठराव्या शतकात तेथे निरनिराळ्या कामांच्या मिळून सुमारे ६०० चक्क्या होत्या. जहाजबांधणी शिकण्यासाठी रशियाचा झार पीटर १६९७ साली तेथेच आला. आणि ॲम्स्टरडॅम? १६३०च्या सुमारास त्यालाही या गिरण्यांना वाट द्यावी लागली.

आमच्या कारखान्यात नवी यंत्रे आली, तेव्हा आम्हीही आधी फाटक अडवायलाच धावलो होतो. यंत्रे मागच्या दाराने आत गेली. वाचलेल्या श्रमाचा वाटा कोणाला, हा प्रश्न आम्ही उशिरा विचारला. तोवर निम्मे सोबती घरी बसले होते.

झान्से स्खान्स येथे आजही वाऱ्यावर लाकूड कापले जाते. प्रवासी कौतुकाने पाहतात. आपणांपैकी कोणी गेलेच, तर चक्कीबरोबर त्या करवतकऱ्यांचीही आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.